दादाच्या तारेवरचं खोकं

१२ जानेवारी २००७, शुक्रवार
पिवळा टोनर पुन्हा संपला. कलर प्रिंटर घेतला तेव्हा वाटलं होतं, लग्नपत्रिका छापू, अभिनंदनाचे फलक छापू. छापतेय काय, तर हळद पावडरीची लेबलं. निळा भरलेला, गुलाबी भरलेला, पिवळ्याचा खडखडाट. नांदेडला फोन केला. "सोमवारी पाठवतो ताई." त्यांचा सोमवार कधी उगवतो ते त्यांनाच माहीत. त्यात लोडशेडिंग. अर्ध्या पानावर वीज गेली की कागद आतच अडकतो, मग मी प्रिंटरला शिव्या देते. गिऱ्हाईक ऐकतं. ऐकू दे.

१७ जाने.
काटकसर अंगाशी आली. एका बाजूनं वापरलेले कागद ट्रेमध्ये घातले, एकाला स्टेपलरची पिन राहिली होती. निळा रंग कागदावर उतरवणारा गोल ड्रम असतो, त्यावर ओरखडा. आता प्रत्येक छापावर ड्रमच्या दर फेरीला, म्हणजे दर साडेतीन इंचांवर, एक निळा ठिपका, मोहरीहून बारीक. गिऱ्हाइकाला दिसत नाही. मला दुसरं काही दिसतच नाही. नवा ड्रम मागवलाय.

२२ जाने.
सुभाषशेठ आले होते. बसस्टँडसमोरचे स्पेअर पार्टवाले. दादा गॅरेजचा सगळा माल त्यांच्याकडूनच नेतो. पॉवर स्टिअरिंगच्या सील किटचं एक खोकं पुढ्यात ठेवलं. "हुबेहूब असं लेबल पायजे. आतला माल अस्सल हाय ताई, खोकी तेवढी उंदरानं खाल्ली."
म्हटलं, तुमच्या उंदरांना सील किटचीच चव लागलेली दिसते. हसले. जाताना म्हणाले, "तो गोल चमकीचा शिक्का नका छापू. तो हाय माझ्याकडं."
चमकी तेवढी उंदरांनी कशी सोडली, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. कारण रंग जुळवायचा नाद लागला होता. त्या कंपनीचा निळा धड निळा नाही, धड जांभळा नाही. सहा वेळा फसला, सातव्यांदा आला. अस्सल शेजारी ठेवून बघितलं तर, तो ठिपका सोडला तर, माझं मलाच ओळखू येईना. खोटं का लिहू, फार भारी वाटलं. हे शाळेतून आले तर त्यांनाही दाखवलं. "छान," म्हणाले, न बघता.

४ फेब्रु., रविवार
कनेरगाव नाक्याला दादाकडे गेले होते. दादाचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि ती तार. ज्या गाडीला नवा पार्ट घातला त्याचं रिकामं खोकं दादा तारेला ओवतो, वर खडूनं गाडीचा नंबर. कुणी वाद घातला की तारेकडे बोट. वकिलाची गरज नाही.
पॉवर स्टिअरिंगचं काम आपल्या भागात आधी कुणी करत नव्हतं. ड्रायव्हर थेट अकोला गाठायचे. दादा पुण्यात राहून शिकून आला. म्हणतो, पंप, तेल आणि रबराची सीलं, एवढाच खेळ. पण सील गेलं की खेळ खलास.
आज आखाडा बाळापूरचे गफूरभाई ट्रक घेऊन आले होते. जुने ड्रायव्हर, दादाशिवाय कुणाला गाडीला हात लावू देत नाहीत. दादानं नवं सील किट काढलं, अंगठ्याला थुंकी लावली, खोक्यावरची अक्षरं खसाखसा घासली. काही झालं नाही. "बघा, पसरलं न्हाई. म्हंजे अस्सल. आपल्या रेखानं शिकवलेली परीक्षा हाय."
गफूरभाई म्हणाले, "बहन तुमारी डॉक्टर है डॉक्टर, दिगूभाऊ."
दोन वर्षांपूर्वी मीच शिकवली होती. तेव्हा डुप्लिकेटवाले साध्या शाईच्या प्रिंटरवर छापायचे, ओला अंगठा लागला की शाई पसरायची. टोनर म्हणजे रंगाची पूड, ती पसरत नाही, कागदावर वितळून बसते.
मी खाटेवर वहिनीशी बोलत होते. मनात आलं, उठून खोकं हातात घेऊन बघावं. उठले नाही. वहिनीनं पुन्हा चहा ठेवला होता.

१९ फेब्रु.
नवा ड्रम आला एकदाचा. ठिपका गेला. सुभाषशेठचं काम कधीच देऊन झालं होतं.

१३ मार्च
वहिनीचा फोन. गफूरभाईंची गाडी नरसी फाट्याजवळ वळणावर झाडाला धडकली. हळदीची पोती होती. क्लीनर उडी मारून वाचला. गफूरभाई आत अडकले, उजवा पाय. नांदेडला हलवलं.
माझ्या हातातला कागद खाली पडला. अजून काहीच कळलं नव्हतं, तरी पडला.

१४ मार्च
नाक्याला गेले. दादा गाडी बघून आला होता. सील फुटलं, तेल सगळं रस्त्यावर. तेल संपताना पंपानं ओरडून सांगितलं असेल पण वळण समोर आलं होतं. भरलेल्या ट्रकचं स्टिअरिंग एकदम जड झालं तर एकट्या माणसाच्या हातानं काय वळणार.
"सव्वा महिन्यात अस्सल सील फुटत नसतंय," दादा म्हणाला. "मीच उलटं बसवलं असंल. माझाच हात चुकला."
वहिनी म्हणाली, "तुमचा हात आजवर चुकला न्हाई, आत्ताच काहून चुकंल?"
 दादा जेवलाही नाही.

१६ मार्च
आज पुन्हा गेले. दादा बाहेर गेला होता, वहिनी आत. तारेजवळ गेले. गफूरभाईंच्या नंबरचं खोकं तिसरं. उजेडात धरलं.
ठिपका. साडेतीन इंचांवर दुसरा ठिपका.
काढलं, पर्समध्ये घातलं. का घातलं ते सांगता येत नाही. माझ्याच हातानं, दिवसाढवळ्या, भावाच्या घरी चोरी केली. घरी येईपर्यंत पर्स छातीशी धरून बसले होते, कंडक्टरनं विचारलं, बरं नाही का ताई?

१८ मार्च
दादाचा फोन. "तारेवरचं खोकं सापडंना, रेखा. तेवढाच पुरावा हाय माझ्याकडं, अस्सल माल घातल्याचा. ट्रकमालकानं तक्रार केली. ठाण्यात बोलावून राहिले."
मी म्हटलं, वाऱ्यानं पडलं असेल, नीट बघ.
असं बोलले मी. दादाशी. वडील गेल्यावर ज्यानं स्वतःची शाळा सोडून मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं त्याच्याशी. लाज वाटते लिहायला.

२० मार्च
शेवटी ह्यांना सांगितलं. आधी विश्वास बसेना. मग दार लावून घेतलं. "जाळून टाक. तू छापायचं काम केलंस, विकलं त्यानं. पण पोलिसाला हे कोण समजावणार? आत जाशील. माझी नोकरी जाईल."
ते घाबरलेत. मीही घाबरले आहे. मागच्या अंगणात काडी ओढली. कोपरा पेटला, जळक्या प्लास्टिकचा वास आला. टोनरचाच तो. पायानं विझवलं. खोकं तांदळाच्या डब्यात लपवलं.

२१ मार्च
सुभाषशेठच्या दुकानी गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. म्हटलं, आतला माल अस्सल होता ना?
"कोणता माल?"
तुम्ही लेबलं छापून घेतली होती तो.
"मी? ताई, प्रिंटर तुमचा, कागद तुमचा. माझी सही कुठं हाय का?" आणि वर चहा मागवला माझ्यासाठी! मी कप तसाच ठेवून आले. माझ्या हुशारीची एवढी स्वस्त किंमत आजवर कुणी केली नव्हती. घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांचा काय दोष.

२४ मार्च, शनिवार
नांदेडला गफूरभाईंना बघून आले. पाय गुडघ्याखाली काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू, नाहीतर काढावा लागेल. बायको कोपऱ्यात तसबीची माळ ओढत बसलेली.
मला बघून हसायचा प्रयत्न केला. "दिगूभाऊको बोलना, मेरी तकरार नहीं उनपे. हाथ है, कभी चूक जाता."
मी मान डोलावली. केळी ठेवली. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, पदर तोंडात कोंबून.

२६ मार्च
वहिनीचा फोन. दादानं गॅरेज बंद ठेवलंय. परवा ठाण्यात जबाब द्यायचाय. माझ्या हातून सील उलटं बसलं, असंच सांगणार म्हणतो. वहिनीनं हात जोडले, ऐकत नाही. म्हणतो, खोटं कशाला बोलू.
तोच खोटं बोलणार आहे आणि त्याला ते माहीतही नाही. माहीत फक्त मला.
वहिनी एकदम म्हणाली, "त्या दिवशी तुमी आल्त्या तवा खोकं होतं का हो तारेवर?"
मी म्हटलं, लक्ष नव्हतं माझं.  तिनं फोन मात्र लगेच ठेवला नाही.

२७ मार्च
काही सुचत नाही. एका बारशाच्या पत्रिकेत बाळाचं नाव चुकीचं छापलं, पंचवीस कागद फुकट.
ह्यांना सांगितलं, मी उद्या जाणार. म्हणाले, "विचार कर." म्हटलं, बारा दिवस तेच करतेय.

२८ मार्च
सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. दादा जबाबाला निघाला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. खोकं समोर ठेवलं. एक कोपरा जळलेला.
"कुठं सापडलं?"
सापडलं नाही, मी नेलं होतं. मग सगळं सांगितलं. ठिपके दाखवले, उंदरांची गोष्ट सांगितली, थुंकीची परीक्षा माझ्या छपाईवर का चालली नाही तेही सांगितलं. वाटलं होतं मारेल. मारावं असंही वाटत होतं.
दादानं अंगठ्याला थुंकी लावली आणि लेबल घासलं. पुन्हा घासलं. कागदाचा लगदा होईपर्यंत घासत राहिला.
मग विचारलं, "किती छापले?"
तीनशे वीस.
"एक हे. बाकीचे कुठं हायेत?"
मला ठाऊक नव्हतं. मला तो प्रश्न बारा दिवसांत एकदाही पडला नव्हता. माझी अब्रू, ह्यांची नोकरी, दादाचं नाव, एवढ्यातच फिरत होते. तीनशे एकोणीस गाड्या रस्त्यावर आहेत हे डोक्यातच आलं नाही.
दादानं तार उतरवली. आम्ही दोघांनी एकेक खोकं उजेडात धरलं. आणखी दोन निघाली. एक ट्रॅक्टर कळमनुरीचा, एक ट्रक वाशीमचा. दोघांनाही फोन लावला, गाडी जागेवरून हलवू नका म्हणून. ट्रॅक्टरवाला म्हणाला, तेल ठिबकून राहिलं आठ दिवसांपासून, येणारच होतो.
मग दोघं ठाण्यात. दादानं आपला जबाब दिला. माझं ऐकून हवालदार म्हणाला, साहेब उद्या येतील, बाई, उद्या नाक्यावरच थांबा, जीप येईल, पंचनामा करायचाय. खोकी ठेवून घेतली. सुभाषशेठचं शटर खाली होतं.


२९ मार्च, गुरुवार
नाक्यावर, चहाच्या हॉटेलच्या बाकावर बसून लिहितेय. रात्री इथंच राहिले. ह्यांचा फोन आला होता. वकील बघतोय म्हणाले. घाबरलेत, पण फोन केला.
दादा सकाळपासून डांबरी रस्त्याच्या कडेला उभा आहे. येणारा प्रत्येक ट्रक हात करून थांबवतोय. काही थांबतात, काही शिव्या देऊन जातात. वहिनीनं मला चहा आणून दिला. माझ्याकडे न बघता, पण साखर नेहमीएवढीच.
नांदेडहून कळलं, गफूरभाईंचा पाय काल काढला.
हॉटेलात बसून दादाचं बोलणं ऐकू येतं. "यंदा स्टेरिंगचं काम केलं का? सील बदललं का? खोक्यावर जाऊ नका, खोकं खोटं हाय. माझ्या बहिनीनं छापलंय."
मला वाटलं होतं, निदान 'कुणीतरी' म्हणेल. नाही म्हणत. प्रत्येकाला तेच सांगतो, त्याच आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जमीन दुभंगावी असं झालं. आता सहासात वेळा ऐकलं. राग येत नाही. रडूही येत नाही. तो सांगतोय ते खरं आहे.
जीप अजून आली नाही.
आत्ता एक लाल ट्रक थांबलाय. ड्रायव्हर तरणा आहे, खिडकीतून वाकून दादाला विचारतोय, "कोन बहीन? हाय कुठं ती?"
दादानं माझ्याकडे हात केला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. तो उतरून इकडेच येतोय.