माघातली थंड चूल

१ जुलै १९५८, मंगळवार. उमरखेड.

मागच्या दोन खोल्या शेवटी भाड्याने गेल्या. सिंधी आहेत, भाऊ आणि बहीण. भाऊ लछू, बाविशीचा असेल. सायकलला कापडाचं गाठोडं बांधून आठवडी बाजारांत आणि लमाणांच्या तांड्यांवर फिरतो. बहीण गोपी, सोळाची. आईबाप नाहीत म्हणतात. म्हणतात! मी विचारलं, गाव कुठलं? "सिंध में, लारकाने के पास." त्यानंतर इतकी वर्षं कुठे होता? "इधर-उधर." इधर-उधर हे काय गाव झालं?

आईला दोघं आवडले. आईला सगळेच आवडतात. "पोरगी लय वाळली वं शकू, तो तिले खाऊ घालते का नाही?"

यापुढे ल. आणि गो. एवढंच लिहायचं. आईला वाचता येत नाही, पण शेजारच्या बनूबाईचा हात या घरात कुठेही पोचतो, आणि तिची सून चौथी पास आहे.

९ जुलै

ल. रोज सकाळी आमचे हंडे विहिरीवरून भरून ठेवतो. कुणी सांगितलं नव्हतं. आईला "याडी" म्हणतो. तांड्यावर शिकला म्हणे, त्यांच्या बोलीत आई. आई खूश. मी नाही. फुकट पाणी कुणी भरत नाही. काहीतरी मागणार, फक्त कधी ते पाहायचं.

२६ जुलै

गो.ला संध्याकाळी मराठी अक्षरं शिकवते. शाळेतल्या माझ्या पोरींपेक्षा लवकर शिकते. आज ळ गिरवता गिरवता बोलून गेली: हाँगकाँगला चाचा आहे, त्याचं कापडाचं दुकान आहे, तो दोघांना बोलावतो. मग जीभ चावली. मी विचारलं, मग अडलं कुठे? म्हणाली, "कागज नाही, बाई." कसलाच नाही. ते या देशात कधी आले, कुठून आले, याची कुठेच नोंद नाही. परदेशी जायचा परवाना हवा तर गावातल्या कुणीतरी सांगायला पाहिजे की हे इथे राहतात, आम्ही यांना ओळखतो. चौकशीला पोलीस येतात ते घरमालकाकडेच.

घरमालक म्हणजे आई. आणि आईच्या वतीने बोलणारी मी, शाळेतली बाई.

आता कळलं हंडे कशासाठी भरले जातात ते.

२७ जुलै

आज हंडे मीच भरले. ल. दोर हातात घेऊन नुसता उभा. "बाई, माझं काही चुकलं का?" साळसूदपणा तर पाहा.

४ सप्टेंबर, गुरुवार

काहीतरी शिजतंय, खरोखरीचं. दुपारपासून त्यांच्या खोलीतून तुपाचा आणि गुळाचा वास. दार अर्धं लावलेलं. मी मीठ मागायच्या निमित्ताने गेले तर गो. परातीवर फडकं टाकायला धावली. तरी दिसलंच. गुळाच्या पाकात भिजवलेल्या जाड जाड पोळ्या, चळत लागलेली. इतक्या कुणी एका दिवसात खात नाही. या प्रवासात टिकणाऱ्या पोळ्या आहेत.

मला हे ओळखता येतं. मी सात वर्षांची असताना बाबा पुसदला बैल पाहून येतो म्हणून गेले. आईने दुधातल्या दशम्या बांधून दिल्या. पुसदला जायला इतक्या दशम्या कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ते काही आले नाहीत. कुणी म्हणे हैद्राबादेत दिसले, कुणी म्हणे दुसरं घर केलं. तेव्हापासून घरात विचारायचं काम माझ्याकडे आहे.

आईला सांगितलं, हे दोघं पळणार. आई म्हणाली, "जाईन तं जाईन. पर पोरीनं मले सांगतलं असतं."

५ सप्टेंबर

सकाळी त्यांच्या चुलीचा धूर नाही. दार बंद. मी बनूबाईला साक्षीला घेतलं आणि दार बडवलं.

ल.ने दार उघडलं, नुकती आंघोळ केलेला. आत चुलीवर पाणी शिंपडलेलं, वर झेंडूची फुलं. गो. हात जोडून काहीतरी गुणगुणत होती. आज त्यांची थदडी. आपल्याकडे शितळामायची सातम असते तसं काहीतरी. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, आज चूल पेटवायची नाही, थंडच खायचं. श्रावणातच येते. त्या पोळ्यांना लोला म्हणतात. परातीवर फडकं टाकलं ते देवीच्या आधी कुणाची नजर पडू नये म्हणून.

बनूबाई दोन लोले घेऊन गेली. मला चार दिले. वेलची घातलेली. चांगले होते. शरमले मी. थोडीच.

१९ ऑक्टोबर

बनूबाई गावभर सांगत सुटली आहे: ल.जवळ बॅटरी आहे, अंधार पडला की तो इशारे करतो, पाकिस्तानचा माणूस आहे. "मी म्हनलं नाही, लोक म्हनून राह्यले." लोक म्हणजे तिची सून. बॅटरी तर असणारच, तांड्यावरून सायकलने परतताना याला काय चंद्र दिवा दाखवणार? मी तिला अंगणातच झाडलं. संशय घ्यायचा तर मी घेईन, माझे भाडेकरू आहेत. हिला कुणी अधिकार दिला?

ल. तेवढ्यात आला, सगळं ऐकलं असणार. सायकल भिंतीला टेकवताना घंटी वाजली तर त्याने ती हाताने दाबून धरली.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. गो.ला आईने शेव पाडायला शिकवलं, सोऱ्या फिरवताना दोघी पडेपर्यंत हसल्या.

दुपारी ल. विहिरीचा दोर विणत बसला होता. मी स्पष्टच विचारलं, नोंद का नाही तुमची? सगळ्या निर्वासितांची झाली.

निघाले तेव्हा तो बारा वर्षांचा, ती सहाची. शेजाऱ्यांच्या बरोबर जहाजातून आले, शेजारी मुंबईत उतरल्यावर गर्दीत हरवले. छावणीत साहेब नावं लिहून घेत होता. रांगेत पुढच्या एका भाऊबहिणीला साहेबाने सांगितलेलं ल.ने ऐकलं: मुलगे एका आश्रमात, मुली दुसऱ्या गावच्या आश्रमात. ल.ने गो.चा हात धरला आणि रांगेतून निघून गेला. एका फेरीवाल्याचं गाठोडं उचलून त्याच्या मागे. "नाव लिहलं असतं तं ती माझी राहिली नसती." म्हणून कुठेच नाव नाही.

यात मला पाणी मुरताना दिसेना. रात्रीपर्यंत शोधलं.

१४ डिसेंबर

विहिरीवर मी विचारलं, इथे काय वाईट आहे? त्याने दोर सोडून बोटं मोजायला घेतली आणि एकावरच थांबला. दुकानाचा परवाना मिळत नाही, जागा मिळत नाही, बाजारात नवा शिपाई आला की गाठोडं सोडून दाखवावं लागतं. पण ते सगळं चालतं म्हणाला. "गोपीचं लग्न कोण जमवंन? मुलाकडचे पयले इचारतात, तुमी कोन." आणि गेलं तर? एकदा गेलं की परत येता येईल का हे त्याला ठाऊक नाही. इथले आहेत असा कागद नाही म्हणजे परत कुठे म्हणून येणार?

तांड्यावरून माझ्यासाठी आरशांची कापडी पिशवी आणली. तिथल्या एका म्हातारीने केलेली, शाळेत वह्या न्यायला. मी म्हटलं, कशासाठी? "वह्यांसाठी." एवढंच.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच नाकारता येणार नाही. खूप आनंद झाला. त्याच्या पाठोपाठ हेही आलं की अर्ज पुढच्याच महिन्यात जायचाय, पिशवी बरोबर वेळेवर आली. एकाच मनात दोन्ही राहतात, भांडतात, मी मधे.

२० जानेवारी १९५९

जमादार आला. खुर्ची दिली, चहा दिला. ल. तांड्यावर, गो. आत दाराआड.

"बाई, हे दोघं तुमच्या इथंच राह्यतात ना?" हो. "चालचलन कसं?" चांगलं. "कोन कुठले, तुमाले पक्कं माहीत?" जेवढं त्यांना माहीत तेवढं मला. जमादाराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पाहा, तुमाले काही शक असंन तं आत्ताच सांगा. मांगून मले बोल लावू नका."

नुसतं "कोण जाणे बाबा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटंही झालं नसतं, कोण जाणेच आहे. अर्ज तिथेच पडला असता. ल. मागच्या खोलीत राहिला असता, हंडे जन्मभर भरले गेले असते. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं, आणि मोह झाला. मोठा मोह झाला.

"नाही," म्हटलं. "माझा काही संशय नाही."

जमादार हसला. याच गावचा आहे, माझा लौकिक त्याला माहीत. "तुमाले शक नाही? मंग तं झालंच, कोनालेच नसंन."

तो गेल्यावर आई म्हणाली, "बरं केलंस माय." मी माजघरात जाऊन रडले. कशासाठी ते आईने विचारलं नाही.

२१ जानेवारी

आता काम झालं. आता पाहू पाणी कोण भरतं.

हंडे भरलेले होते. नेहमीपेक्षा लवकर.

२ फेब्रुवारी

रोज भरलेले असतात. मी हरले. असं हरायला बरं वाटतं हे माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

परवाना आला. मुंबईहून, डाकेने. गो. नाचत होती आणि रडत होती. ल. मात्र कागद हातात धरून अंगणात उभा, जसं माझ्याकडून काही घ्यायचं राहिलंय. आई देवळात गेली होती.

"बाई, तुमी सांगा. जाऊ का राहू?"

मी म्हटलं, मी कोण सांगणारी?

"तुमीच. दुसऱ्या कोनाले इचारू?" मग म्हणाला, "जायाचं असंन तं दोघं जाऊ. राहायचं असंन तं तिघं राहू." एवढं बोलून कानाच्या पाळ्या लाल.

मी उत्तर दिलं नाही. पहिला विचार हाच आला की हा निर्णय माझ्या गळ्यात बांधतो आहे. राहिला आणि फसला तर म्हणेल, बाईनं ठेवलं. गेला आणि फसला तर म्हणेल, बाईनं घालवलं. शिवाय गो.चं काय? तिच्या लग्नाचा प्रश्न माझ्या "राहा"ने सुटतो का? आणि सिंधी जावई म्हणून गाव आईला काय काय ऐकवेल. दुसरा विचार काय आला तो लिहीत नाही.

"इचार करा," म्हणाला. "मी घाई नाही करत."

१५ फेब्रुवारी

आठवडा झाला. हंडे भरलेले. तो विचारत नाही. मी सांगत नाही. शाळेत पोरींना उलट अंक लिहून दिले, त्यांनीच दुरुस्त केले.

चाचाचं दुसरं पत्र आलं, गो. म्हणाली. जहाज ठरवायचंय, उशीर करू नका. ल. पत्र खिशात घालून फिरतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून आले तर अंगणात वास. तूप, गूळ, वेलची. त्यांचं दार अर्धं लावलेलं, आतून लाटण्याचा आवाज. सायकल भिंतीशी नव्हती. सायकल विकली की बाजारात गेली?

आई ओट्यावर तूर निवडत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "लोले करून राह्यली गोपी. थदडी असंन त्यायची."

थदडी श्रावणात असते. हा माघ आहे. आणि आईला महिने कळत नाहीत असं कसं म्हणू, माघी चतुर्थीचा उपास आठ दिवसांमागे तिनेच आठवणीने धरला. सुपावरची मान वर केली नाही तिने. त्या दशम्या बांधतानाही असंच काही मनाला सांगितलं असेल का? पुसदलाच चाललेत. बैलच पाहायला.

मला खूप राग आला. ल.चा नाही, बाबांचाही नाही. माझाच. इतकी वर्षं दर माणसाला विचारत आले, कुठे, का, कशासाठी. आणि एकाने मला विचारलं तर तोंडात मूग धरून बसले. तो तरी किती थांबेल? कदाचित लोले मुंबईपुरतेच असतील. कदाचित गो. नुसतीच हौस म्हणून करत असेल. कदाचित. पण परात मोठी आहे, मघाशी दारातून दिसली.

लाटण्याचा आवाज अजून चालू आहे. कणिक संपली की थांबेल. सायकलची घंटी आत्ता फाटकाशी वाजली, आणि या वेळी त्याने ती दाबली नाही.

आई म्हणते, "जा ना वं, काहून बसली?"

काय सांगणार ते तिथे गेल्यावरच कळेल. वही मिटते. जाते.