फिलाडेल्फिया तोंडपाठ

५ जुलै २०२४, शुक्रवार
दोन्ही व्हिसा आले! श्रावस्तीचा शिकायला जायचा, माझा तिला सोडून यायचा. बायको, भागीरथा, म्हणाली, "आतातरी हसा बाप्पा, दात नाही पडत." हसलो की! मग नकाशा घेऊन बसलो. परक्या गावात बापच चुकला तर पोरीनं कोणाकडं बघायचं?

६ जुलै
फिलाडेल्फिया सोपं आहे. दोन नद्या, मध्ये गाव. उभे रस्ते नंबरांचे, आडवे झाडांचे — चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट, स्प्रूस, पाइन. एवढं जुनं गाव, पण रस्ते बघा, आमच्या एसीच्या डक्टिंगसारखे सरळ! श्रावस्तीला म्हणून दाखवले. "पप्पा, फोनमध्ये मॅप असतो" — हे इंग्रजीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. लहानपणी आम्हीच कौतुक केलं, आता बोंबलून काय उपयोग!

१९ जुलै
तिथं एक घंटा आहे, स्वातंत्र्याची. तडा गेलेली! दुरुस्त करायला गेले तर आणखी तडकली. असं होतं कधीकधी, कारागिराला नावं ठेवू नयेत. पण मोडीत नाही काढली. उलट गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी तीच आपली खूण केली. वाचून ऊर भरून आला. ठरलं — तिच्यापुढं उभं राहून दोघांनी जय भीम म्हणायचं.
"पप्पा प्लीज! नॉट लाउडली!"

४ ऑगस्ट
सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझर राजन जूनमध्ये इंशाल्ला म्हणाला होता. आज म्हणतो, "ऑगस्ट में एसीवाले को छुट्टी? मफी, नहीं मिलेगी, हरिदासभाई. ऊपर से ना आया." आखातातला उन्हाळा, सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपात दुरुस्तीच्या कॉम्प्रेसरची रांग लागलीय. भांडलो. उपयोग शून्य.
घरी सांगितलं. श्रावस्ती "इट्स ओके" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मला नाही ना ओके!

१६ ऑगस्ट
एअरपोर्टवर नकाशा तिच्या पर्समध्ये कोंबला. एकटी गेली. वळून बघितलं नाही.

१८ ऑगस्ट
मेसेज — "रीच्ड. ऑल गुड." तीन शब्द! भागीरथा म्हणते, रडत असेल म्हणून आखूड लिहिलं. मला जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
संध्याकाळी फोन. "पप्पा, मी चेस्टनटवर आहे, आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. तोंड डेलावेअर नदीकडं. मॅप बंद केलाय. तुम्ही सांगा, कुठं वळू?"
मराठीत!
मी डोळे मिटले. "सरळ ये बेटा. सातवा रस्ता, मग सहावा. तो ओलांडला की डाव्या हाताला घंटा."
फोन चालूच होता. थोड्या वेळानं, तिथल्या भर गर्दीत, मोठ्यानं —
"जय भीम, पप्पा!"