बंद कपाटातला कॉम्प्युटर

१ मे १९९७, गुरुवार

आजपासून महिनाभर रजा. अर्जात कारण लिहिलं : घरगुती संगणकीकरण. पाटबंधारे खात्याच्या जळगाव ऑफिसात हा शब्द प्रथमच आला असावा. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि मुकाट्याने सही केली. हेडक्लार्कचा दरारा असतो.

कॉम्प्युटर काल पुण्याहून आला, प्रिंटरसकट. मेव्हण्याच्या ऑफिसात नवे आले म्हणून हा निघाला. आमच्या मेहरूणच्या गल्लीत पहिलाच. धूळ हा त्याचा मुख्य शत्रू, असं मेव्हण्याने बजावलं आहे. म्हणून मुख्य डबा मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवला. कपाटाला मागून भोक पाडून वायरी बाहेर काढल्या. दाराला कुलूप. किल्ली माझ्या करदोट्याला.

ज्योत्स्ना म्हणाली, "अप्पा, त्याला हवा नको का लागायला?"

हवेतच धूळ असते. एम. एस्सी. झालेल्या मुलीला हे बापाने सांगावं लागतं.

३ मे, शनिवार

चालू केला की थोडा वेळ छान चालतो. मग पडदा निळा होतो, किंवा सगळंच बंद. आज बंद पडण्याआधी इंग्रजीत एक सूचना आली. डिक्शनरी घेऊन वाचली. बेकायदेशीर कृत्य झालं आहे, असं म्हणतो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा शेरा कोणी मारलेला नाही. पुष्पाला सांगितलं नाही. बायकोचा जीव, उगाच घाबरते.

४ मे, रविवार

शेजारच्या बेबाबाईंकडे त्यांचे भाऊ आले आहेत. फैजपूरचे जीवरामनाना, केळीवाले. बायको मागेच वारली. मुलगा खेमचंद धुळ्याला शेतकी कॉलेजात शिकवतो. आमच्या ज्योत्स्नासाठी त्याचंच स्थळ चाललं आहे. बघणं झालं, पसंती झाली, गाडी पत्रिकेवर अडली. एक भटजी म्हणतात जुळते, दुसरे म्हणतात मंगळ आहे.

मी सहज बोलून गेलो, "नाना, कशाला भटजी? आमचं मशीन दोन मिनिटांत सांगेल. छापील."

नानांनी मांडीवर थाप मारली. "मंग तं भो, ते सांगीन तेच खरं! भटजी लोकायचा मले आता भरोसाच नही राह्यला. तुह्या मशीनीचा कागद आला का सुपारी फोडू."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत देतो म्हणालो. ज्योत्स्ना माझ्याकडे बघत होती. अभिमानाने असावं.

उद्या नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटेपर्यंत ते बहिणीकडेच राहणार. म्हणजे वेळच वेळ.

६ मे, मंगळवार

ऑफिसातल्या रुपचंदने कुंडलीची फ्लॉपी दिली. दोघांची माहिती भरली. मशीन भराभर घरं मांडू लागलं. सातव्या घरापाशी आलं आणि ठप्प. पुन्हा केलं. पुन्हा सातव्यालाच. पुष्पाने पदर तोंडाला लावला. "अहो, लग्नाच्याच घरात का अडतं ते?"

तिला शास्त्रीय दृष्टी नाही. मी निरीक्षण केलं. आमचा कूलर सुरू झाला की दिव्याचा उजेड मंदावतो आणि त्याच क्षणी मशीन मान टाकतं. गुन्हेगार सापडला. आजपासून कूलर बंद, असा हुकूम काढला. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आहे. पण ध्येयासाठी त्रास सोसावाच लागतो. आज तो पुष्पा आणि ज्योत्स्ना सोसत आहेत. मीही.

७ मे, बुधवार

कूलर बंद ठेवूनही मशीन बंद पडलं. पुष्पाने कपाटावर कुरडया पसरल्या होत्या. गच्चीवरच्या उन्हापेक्षा लवकर वाळल्या म्हणाली. यातून काही निष्कर्ष निघत नाही.

ज्योत्स्ना पुन्हा तेच : दार उघडा ठेवा. या वयात मुलांना हट्ट असतो.

८ मे, गुरुवार. दुपार

मूळ सापडलं! डबा उघडला. आत एक छोटासा पंखा आहे आणि तो कुरकुरत होता. साधी गोष्ट. यंत्र म्हटलं की तेल हवं. पुष्पाच्या शिवणयंत्राचं तेल भरपूर घातलं. पंख्याला दिलं, मग आजूबाजूलाही थोडं दिलं, पक्षपात नको म्हणून. कुरकुर पूर्ण थांबली.

संध्याकाळ

पंखाही थांबला. मशीनही. बटण दाबलं तर लाल दिवासुद्धा लागत नाही. तेल मुरायला वेळ लागत असेल.

९ मे, शुक्रवार. आखाजी

मुरलं नाही.

सकाळी पुरणपोळी, आमरस. मी दुसरी पोळी नको म्हणालो. नाना बेबाबाईंचा हात धरून आले. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्याने आधीच राजीनामा दिलेला. मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. "चालू दे भो. आज आखाजी, चांगला दिस हाये."

बंद मशीनपुढे बसलो. काय करणार? कीबोर्डवर बोटं आपटू लागलो. टक टक टक. नानांनी मान डोलावली. "मले काही दिसत नही, पन आवाज मोठा गोड लागते."

संकटात माणसाची बुद्धी तल्लख होते ती अशी. उद्यापर्यंत मशीन नक्की सुरू होईल.

१० मे, शनिवार

नाना सकाळी चहा घेऊन येतात, संध्याकाळी जातात. मी टाइप करतो. थांबलो की लगेच, "कामून थांबला रे भो?" मग पुन्हा टक टक. पाणी प्यायला उठता येत नाही. सगळी आरती टाइप केली, मग खात्याची जुनी परिपत्रकं आठवतील तेवढी. पडद्यावर काळोख.

कागद का येत नाही, विचारलं. म्हणालो, ग्रह वक्री आहेत, मशीन पुन्हा पुन्हा तपासतं. नाना म्हणाले, "कर, नीट कर. पोराच्या जल्माचा सवाल हाये."

मला घाम फुटला. कूलर बंद असल्यामुळे.

११ मे, रविवार

जळगावात दुरुस्तीला नेलं तर गल्लीभर होईल. बेबाबाईंना कळलं की नानांना कळलं. म्हणून धुळ्याला नेणार. पुष्पाला सांगितलं, उद्या खात्याचं तातडीचं काम. "रजेवर असताना?" म्हणाली. बायकांना प्रशासन कळत नाही. नानांना सांगितलं, मशीनला एक दिवस विश्रांती लागते.

१२ मे, सोमवार. धुळे

डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. एस. टी. पारोळ्यापर्यंत खचाखच. शेजारची म्हातारी सारखी गोधडीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, पोराचं तोंड तरी उघडं ठेवा, जीव गुदमरीन त्याचा." सगळेच माझ्या मागे लागले आहेत.

दुकानदाराने डबा उघडला. बोट फिरवलं, वास घेतला. म्हणाला, "भाऊ, येन्हामा ते बठ्ठं तेलच तेल शे!" भाग मुंबईहून मागवावे लागतील, डबा इथेच ठेवा, कधी होईल सांगता येत नाही.

मी त्याला यंत्रशास्त्र समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अप्पा, तुम्ही इथे?"

खेमचंद. हातात कॉलेजचे कागद. दुकानदार त्याच्या ओळखीचा निघाला. त्याने गोधडी बघितली, डबा बघितला, मला बघितलं. मी म्हणालो, हे दुसऱ्या एका गृहस्थांचं मशीन आहे. तो म्हणाला, "बरं." मग चहा पाजला, रिकाम्या गोधडीची घडी करून दिली, गाडीत जागा धरून दिली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "त्या गृहस्थांना सांगा, फार काळजी करू नका म्हणावं. मला पत्रिकेचं काही नाही. पण नानांनी शब्द दिलाय, आणि ते शब्दाला फार पक्के आहेत."

मुलगा समंजस आहे. हे मी मशीनशिवाय ओळखलं.

१४ मे, बुधवार

कपाट रिकामं. कुलूप लावलेलं आहे. पडदा आणि कीबोर्ड बाहेर, त्यांच्या वायरी कपाटात जातात आणि तिथे लोंबकळतात. मी टाइप करतो.

नाना आज बोलण्याच्या लहरीत होते. बायको गेली तेव्हा डोळा नुकताच अधू झाला होता, शेवटी तिचा चेहरा धडपणे दिसलाही नाही, म्हणाले. मग म्हणाले, "आता रईवारी पट्टी सुटीन. सुटली का पह्यले सूनबाईचं तोंड पाहीन. अन् मंग तुही मशीन पाहीन. तोवर कागद काढून ठेव भो."

माझी बोटं थांबली. त्यांनी या वेळी का थांबलो असं विचारलं नाही. मी आपणहून पुन्हा सुरू केलं.

१६ मे, शुक्रवार

ठरवलं. उद्या नानांना सगळं स्पष्ट सांगणार. माणसाने सत्याला घाबरू नये.

१७ मे, शनिवार

सांगणार होतो. पण त्यांनी फैजपूरहून माझ्यासाठी मुद्दाम केळीचा घड मागवला होता. अशा प्रसंगी बोलणं शिष्टाचाराला धरून नाही.

१८ मे, रविवार

सविस्तर लिहितो. दिवस महत्त्वाचा.

सकाळी नानांची पट्टी सुटली. ते येण्याआधी मी मागच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. पुष्पाला बजावलं : शेवटची आकडेमोड चालू आहे. दार उघडलं तर धूळ शिरेल आणि सगळं पहिल्यापासून.

बाहेर नाना, बेबाबाई, धुळ्याहून आलेला खेमचंद. मी आत टक टक. वारा नाही, पाणी नाही. खिडकी उघडली तर झळ आत येई. दारापलीकडे पुष्पाने कूलर लावला, त्याचा थंड आवाज येत होता. आता लावायला हरकत नव्हती. बंद पडण्यासारखं आत काहीच नव्हतं.

नानांचा आवाज आला, "इकडं ये बेटा, उजेडात ये." बांगड्यांचा आवाज पुढे सरकला. मग नाना म्हणाले, "झालं. डोळ्याचं काम झालं माह्या." बेबाबाई नाक ओढत होत्या. मला तिथे असायला हवं होतं. ज्योत्स्ना कशी उभी होती, कोणती साडी नेसली होती, काही माहीत नाही. मी काळ्या पडद्यासमोर बसून खात्याचं परिपत्रक टाइप करत होतो.

जेवणं झाली. आमरसाचा वास दाराखालून आला. बेबाबाईंनी विचारलं, "शालिकभाऊ नही जेवत का?" पुष्पा म्हणाली, "मशीन चालू असलं की त्यांना भूक नसते."

मला प्रचंड भूक लागली होती.

पुढे खेमचंद काहीतरी म्हणाला आणि ज्योत्स्ना हसली. मोठ्याने. या महिन्यात ती या घरात हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. टाइप करायचं राहूनच गेलं.

लगेच नाना म्हणाले, "आवाज थांबला! झालं वाट्टे. शालिकभो, आन कागद. मले पोरगी पसंत हाये, पन जबान म्हंजे जबान."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. कडी काढता येईना. मुलीचं लग्न पलीकडे, मी अलीकडे आणि मध्ये मीच लावलेली कडी.

खिडकीवर टकटक झाली. मागच्या बोळात खेमचंद. हात धुवायच्या निमित्ताने आला असावा. गजांतून घडी केलेला कागद आत सरकवला. "अप्पा, धुळ्याच्या दुकानात कुंडलीचा प्रोग्राम आहे. खराच काढलाय, खोटा नाही. जुळते."

"ज्योत्स्नाची जन्मवेळ तुम्हाला कुठून मिळाली?"

तो खाली बघू लागला. "तिनेच सांगितली. बेबाआत्याच्या फोनवर."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, हे विचारलं नाही. त्याचा हात अजून गजांतच होता. मी तो धरला. "गोधडीची घडी छान केली होती," असं काहीतरी म्हणालो.

कडी काढून कागद घेऊन बाहेर आलो. नानांनी नव्या डोळ्याने तो अगदी जवळ धरून पाहिला, कपाळाला लावला आणि मला मिठी मारली. सुपारी फुटली. ज्योत्स्नाने माझ्यासमोर ताट ठेवलं, वाटीत रस वाढला. हळूच म्हणाली, "अप्पा, आता हात दुखत असतील. मी भरवू का?"

मला नाही म्हणता आलं नाही.

नानांना मशीन बघायचं होतं. म्हणालो, एवढ्या कामानंतर त्याला पूर्ण अंधारात ठेवावं लागतं. पटलं त्यांना.

एकंदरीत माझा अंदाज बरोबर ठरला. निकाल संगणकानेच दिला आणि तो छापील होता. कोणत्या गावच्या संगणकाने, हा तपशील आहे.

१९ मे, सोमवार

नाना फैजपूरला गेले. घर मोकळं. उरलेली रजा विश्रांतीत घालवणार. कॉम्प्युटर या विषयावर यापुढे घरात किंवा बाहेर अवाक्षर काढणार नाही.

२५ मे, रविवार. सकाळ

न्हाणीघरात बसून लिहितो आहे.

दारात फैजपूरची जीप उभी आहे. नानांनी नवा कोरा कॉम्प्युटर घेतला. अख्ख्या भाऊबंदकीत सांगून ठेवलंय की आमचे व्याही येऊन सगळ्यांच्या पोरापोरींच्या पत्रिका काढणार. लोक आजच यायला लागलेत म्हणे. खोली तयार आहे, माझी गादीसुद्धा घातली आहे.

नळ मोठा सोडून ठेवला. पुष्पा सांगेल घरात नाहीत, अशी आशा होती. तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "आहेत ना! अंघोळ करताहेत. आणि रजासुद्धा शिल्लक आहे त्यांची."

नाना म्हणाले, "काही घाई नही. आमी बसतो."

आत्ता नळाचं पाणी गेलं.