आम्ही घरात असून दार का उघडलं नाही

तीर्थस्वरूप नानामामा,

धुळ्याहून अभिमनचा आणि रूपालीचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामींनी अजून जिना चढू दिला नसेल तर उत्तमच. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाही (हे आदराने लिहितो आहे), म्हणून पत्र.

तुम्ही मुक्ताईनगरहून गिऱ्हाईक म्हणून पाठवलेल्या योगेंद्ररावांना आम्ही घर दाखवलं नाही, ही गोष्ट खरी. पण सुरुवातीपासून सांगतो. जुनं घर घ्यावं, डागडुजी करून रंगवावं आणि विकून मोकळं व्हावं, हा सल्ला तुमचाच. त्याप्रमाणे सहाव्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर घेतलं. रूपालीचा विरोध होता. पहिल्या दिवशी ती नाकाला पदर लावून फक्त डबा द्यायला आली. शकीलभाई पेंटर भिंत खरवडत होते. निळ्याखाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली पिवळा. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मला द्या बरं जरा." संध्याकाळपर्यंत ती तिथेच. डबा तसाच.

मोनाली सासरी गेल्यावर आमच्या फ्लॅटमध्ये किती शांतता झाली होती, ते तुम्ही पाहिलंय. दिवसाकाठी दोघांत दहा वाक्यं, त्यातली चार गॅस सिलिंडरबद्दल. आता आम्ही पुट्टीवरून भांडू लागलो. कार्डावर बघून मी केळीच्या कोवळ्या पानाचा रंग निवडला, तो भिंतीवर असा भडकला की शकीलभाई शिडीवरून उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, ह्या खोलीत झोप नाही येणार कुणाला." रूपाली हसता हसता मागच्या रंगाच्या डब्यावर टेकली आणि झाकणासकट आत गेली. (साडी नवीन होती.) मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तर ती आणखीच हसायला लागली.

रविवारी दाराला नुकताच ऑइलपेंट दिला होता आणि योगेंद्रराव आले. रूपालीने मनगट धरून मला दारामागे ओढलं. आम्ही श्वास रोखून उभे. त्यांनी बेल वाजवली, हाका मारल्या, मग दोन्ही तळव्यांनी दार ढकललं. "अरे, हे तर ओलं आहे," ते बाहेर स्वतःशीच म्हणाले, आणि रूपालीने पदर तोंडात कोंबूनही आवाज फुटलाच. शेजारच्या सुनंदाबाई त्यांच्या मदतीला धावल्या. "दोन्ही मझारच शेतस," त्यांनी सांगितलं, "हासी ऱ्हायनात." आम्ही दोघं आतच आहोत आणि हसतो आहोत, हे कळल्यावर योगेंद्रराव आल्या पावली परत गेले. दारावर त्यांची दहाही बोटं उमटली आहेत. शकीलभाई पुन्हा हात मारतो म्हणतात, रूपाली नको म्हणते.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
अभिमन

ता. क. घर विकत नाही. परवाच सामान इकडे आणलं. आता फ्लॅट विकायचा आहे. योगेंद्ररावांना तो दाखवाल का? तुम्हीच सोबत या, मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही.

पुन्हा ता. क. रूपालीने पत्र वाचलं. म्हणते, नानामामांना खरं ते लिही. ती दार उघडायलाच निघाली होती, कडीला हातही घातला होता. मनगट मी धरलं, आणि योगेंद्रराव गेल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.