सोबतीचा मासा

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी आदिलाबादला पोचले. बसस्टँडवर देवानंदभाऊ कार घेऊन उभेच होते. माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली. घर वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आहे. पुढे जास्वंदीची दोन झाडं, मागे न्हाणी, आणि मला वेगळी खोली. गादी नवी, खिडकीला जाळी, भिंतीत कपाट. आल्या आल्या गरम भजी आणि चहा मिळाला. असं स्वागत कोणी करेल असं वाटलं नव्हतं.

काम देवानंदभाऊंच्या आईला सांभाळायचं. त्यांचं नाव द्वारकाबाई, मी काकू म्हणते. वय बाहत्तर. झटका येऊन उजवी बाजू गेली आहे. बोलतात हळू, पण स्पष्ट. त्यांचे यजमान सुधाकरराव कापडाचं दुकान चालवायचे, ते दोन वर्षांपूर्वी गेले. देवानंदभाऊ नोकरीला हैदराबादला असतात, उद्या परत जातील. त्यांनी ही वही दिली. पुढून काकूंच्या गोळ्या, बीपी, जेवण लिहायचं. मागची पानं कोरीच राहणार, म्हणून मी माझं मागून लिहिते आहे.

बैठकीत चार फुटी काचेची टाकी आहे आणि काकूंची खाट तिच्या समोरच. टाकीत एकच मासा, पंजाएवढा, पिकल्या पपईसारखा पिवळा. त्याला सेव्हरम म्हणतात. येताना भाऊंनी दुकानातून त्याच जातीचा आणखी एक घेतला, हिरवट, जरा लहान. म्हणाले, आईच्या माशाला सोबत. प्लास्टिकच्या पिशवीतला तो मासा सगळ्या वाटेत माझ्या मांडीवर होता. दारात भाऊ हसून म्हणाले, आज दोन नवे पाहुणे आले.

पिशवी लगेच फोडायची नाही. ती वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं ऊन होतं. मी शेजारी स्टूल घेऊन बसले.

७ नोव्हेंबर

हात बसला आहे कामावर. काकूंना उठवणं, पुसणं, भरवणं, मालिश. मग मासे. सकाळी दाण्यांचं खाद्य चिमूटभर, एक दिवसाआड उकडलेला वाटाणा, कधी पालकाचं पान. काकू खाटेवरून सांगतात, "सालटं काढून दे पोरी, नाईतं त्याचं पोट फुगते." दर आठ दिवसांनी चौथाई पाणी बदलायचं. नळाचं पाणी एक दिवस पिंपात मुरवून मगच घालायचं. पाण्यात हीटर आहे, काटा अठ्ठावीसवर.

हे मासे माणूस ओळखतात. पिवळा काकूंकडे तोंड करून काचेला लागून उभा राहतो. हिरवा मी आले की माझ्याकडे येतो. घाबरला की त्याच्या अंगावर काळे पट्टे उठतात.

काकूंनी आज माझं विचारलं. मी सांगितलं. नवरा संतोष, मंचेरियलला खाणीत कंत्राटावर. एप्रिलमध्ये मुलगी झाली, नऊ दिवस जगली. नाव ठेवायचं राहिलं. त्यानंतर संतोषने मला बेल्याकडे भावाच्या गावी आणून सोडलं, आणि भावाने हे काम शोधलं. सांगताना माझा आवाज हलला नाही. आता मला भूक कळत नाही, तहान कळत नाही. घड्याळ पाहून जेवते.

१२ नोव्हेंबर

पिवळा हिरव्याच्या मागे लागतो. आज त्याचा डावा पर फाडला. कडेला दोऱ्या सुटल्यासारखा दिसतो. काकू म्हणाल्या, जोडी जमायच्या आधी असं होतंच.

अंघोळ करताना माझ्या डाव्या दंडावर बोटभर लांब चीर दिसली. रक्त वाळून बाहीला चिकटलं होतं. कुठे लागलं आठवत नाही. दुखत नाही. हळद लावली.

१८ नोव्हेंबर

दुपारी दोघांनी एकमेकांचं तोंड तोंडात धरलं आणि रेटारेटी सुरू केली. दहा मिनिटं तरी चालली असेल. काकू उशीवरून मान उचलून बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

संध्याकाळी भाजीवाल्या बयनाबाई दारात आल्या. पुढच्या गल्लीत राहतात. माझ्याकडे बघून त्यांनी टोपली खाली ठेवली आणि कोणी मारलं विचारलं. आरशात पाहिलं तर खालचा ओठ फुटून सुजलेला. कोणीच मारलं नाही म्हटलं. त्यांनी दारातूनच टाकीकडे पाहिलं. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

काकूंनी आज उजव्या हाताने घास तोंडापर्यंत नेला. झटका आल्यापासून पहिल्यांदा. वहीत पुढच्या बाजूला लिहिलं. भाऊंना फोन केला, ते बोलताना गहिवरले.

२३ नोव्हेंबर

मेथी आणायला बयनाबाईंच्या घरी गेले. त्यांनी मला बसवून घेतलं.

माझ्या आधी इथे सोनाबाई होती, निर्मलकडची. तिच्यासोबतही असाच एक मासा आला होता. "तिच्या अंगावरबी असेच वळ उठत," त्या म्हणाल्या. "मासा सकाळी उताणा पडलेला, अन् सोनी न्हाणीत. डाक्टर म्हणे, हार्ट." त्याआधी सुधाकरराव. टाकी त्यांनीच आणली, पहिली जोडीही त्यांनीच. दोघांतला एक मेला त्याच दिवशी सुधाकरराव दुकानात बसल्या जागी गेले. दोन्ही वेळेला द्वारकाबाई थोड्या सुधारल्या. पहिल्यांदा बोलू लागल्या, दुसऱ्यांदा आधाराने बसू लागल्या.

"हे बाई काऊन सांगून राह्यली म्हणशीन. पण तू जाय इथून. आजच्या आज जाय."

मी ऐकून घेतलं. मेथी घेतली. घरी येऊन निवडली. घाबरायला पाहिजे हे मला कळत होतं. पानं खुडता खुडता वाट पाहिली. काही आलं नाही.

२४ नोव्हेंबर

काकूंना सरळ विचारलं. त्या रागावल्या नाहीत.

"मले काय मालूम पोरी? मी तं नुसती पाह्यत बसतो."

थोड्या वेळाने, मी पाय चेपत असताना, आपणहून म्हणाल्या, "पण दुसरा मेला का मले बरं वाटते. खोटं काऊन बोलू?" बाहेर ऊन चांगलं पडलंय म्हणावं, तशा म्हणाल्या.

मी दुसरा पाय घेतला.

२५ नोव्हेंबर

मासेवाल्याकडून प्लास्टिकची जाळी आणली आणि टाकीच्या मधोमध उभी केली. एका बाजूला पिवळा, एका बाजूला हिरवा. भाऊंना फोनवर सांगितलं की मासे भांडतात. ते बरं म्हणाले.

२८ नोव्हेंबर

माझ्या दंडाची जखम भरली. ओठाची सूज उतरली. काल मी घड्याळ न पाहता जेवले.

काकूंना ताप आहे. उजवा हात पुन्हा खाली पडला. पेज भरवली तर गालातून बाहेर येते. जाळीकडे बघतात आणि डोळ्यांतून पाणी गळतं. गोळ्या दिल्या, ताप उतरत नाही. भाऊ फोनवर विचारत होते, इतक्या चांगल्या होत्या, अचानक काय झालं. मी म्हटलं, थंडी पडली आहे.

एकीने जगायचं तर दुसरी— हे मी कोणाला सांगणार? काकूंचं अंग पुसताना सारखं तेच मनात होतं. त्यांचं आयुष्य होऊन गेलंय असं म्हणावं, तर माझं कुठे राहिलंय?

२९ नोव्हेंबर

दळण आणायला अर्धा तास बाहेर होते. परत आले तर जाळी जमिनीवर. फरशी ओली.

काकू खाटेवरच होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत. या बाईला कुशीवरही मी वळवते. पांघरूण काढलं. उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली.

  पोलकं बदलून दिलं.

जाळी परत लावायला हवी होती. हातात घेतली, वाळवली आणि कपाटामागे ठेवली. का, ते मला लिहिता येत नाही.

५ डिसेंबर

काकू भिंतीला धरून चालतात. माशांना त्याच खायला घालतात. हिरवा हीटरच्या मागे कोपऱ्यात असतो. आता पट्टे दिसत नाहीत, सगळाच काळा झाला आहे. डावा पर बुडापासून गेला.

माझा डावा हात उचलत नाही. पाठीवर, पोटरीवर चिरा. दुखत नाही.

आज काकूंनी वरण-भात कालवून मला भरवला. छान झालाय, मी म्हटलं. चव कळली नाही.

९ डिसेंबर

फार थंडी. हिरवा तिरपा पडून श्वास घेतो. कल्ले भराभर हलतात. मलाही तोंडाने श्वास घ्यावा लागतो, जिना नाही, चढ नाही, नुसतं बसल्या बसल्या.

भाऊंचा फोन. म्हणाले, तुमच्यामुळे आई उभी राहिली, तुमचे उपकार कसे फेडू. तुमची तब्येत कशी? बरी आहे म्हटलं.

बयनाबाई दोनदा दारात येऊन गेल्या. हाक मारली. उठले नाही.

११ डिसेंबर

सकाळी काकू खुर्चीवर बसल्या होत्या, मी खाली त्यांच्या पायाशी. माझे केस विंचरत होत्या. हलक्या हाताने, गुंता न ओढता. मांडीवर फोन, स्पीकरवर भाऊ.

"देवानंद, हे पोरगी काई टिकत नाई. दुसरी पाह्यजो. अन् येतानी एक मासाबी आणजो, या वक्ती मोठा पाहून."

भाऊ म्हणाले, काऊन, काय झालं तिला?

"काई नाई. थकली बिचारी."

आणि फणी तशीच चालू. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. उत्कर्षा. नाव नसलेलं एक माणूस मी एप्रिलमध्ये पाहिलं आहे. नऊ दिवस. सगळे तिला "ती" म्हणत होते. थकली बिचारी, असंच नर्सही म्हणाली होती.

उठून न्हाणीतली बादली घासून ठेवली.  

१२ डिसेंबर, दुपार

बसमध्ये. बेल्याची बस. बादली पायांमध्ये धरली आहे.

काकू जेवून आडव्या झाल्या तेव्हा केलं. बादलीत टाकीतलंच पाणी. जाळं लागलं नाही. हात घातला तर हिरवा स्वतःच तळव्यावर येऊन पडला.

उंबऱ्यापाशी पोचले तर मागून, "कोठी नेऊन राह्यली त्याले?"

उभ्या होत्या. कशालाही न धरता.

म्हटलं, भावाच्या विहिरीत सोडते. थंडीत विहिरीचं पाणी ऊन असतं.

"ठेव खाली. मी पुन्ना पडीन ना पोरी."

त्यांनी बादलीची कडी धरली. पकड घट्ट होती. माझ्या एका हातात जोर नव्हता. पाणी सांडत होतं. मी ओरडले, "सोडा, काकू! मला जगायचंय!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांनी कडी सोडली. माझ्याकडे बघत मागे मागे जाऊन खाटेवर बसल्या. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीत ठेवला.

मी बयनाबाईंना सांगून आले, त्यांच्याजवळ बसा. एकटं ठेवू नका. त्या धावत गेल्या. मला रडू येत होतं. बसमध्ये चढेपर्यंत येत होतं.

—

पाणी गार झालं. हात घातला तर गार लागलं. आठ महिन्यांत मला काही लागलं नव्हतं.

दंड दुखतो. पाठ दुखते. सगळं एकदम दुखतं आहे.

शेजारच्या आजीबाई विचारतात, काय आहे बादलीत. माझा मासा म्हटलं.

—

रस्ता खराब. पाणी अर्ध्यावर. तो कुशीवर पडतो. श्वास पुरत नाही— मला— काचेला कपाळ लावून बसले आहे. कापसाच्या गाड्या पुढे. बस थांबली.

फोन लागला. माझा भाऊ फाट्यावर येतो म्हणाला. मोटारसायकल घेऊन. फाटा किती लांब, कंडक्टर म्हणतात वीस मिनिटं.

—

पाणी हाताने ढवळलं की तो उभा राहतो. हवा मिळते. थांबलं की पडतो.

डावा हात उचलत नाही. उजव्याने ढवळायचं. उजव्यानेच लिहायचं.

दोन्ही होत नाही.

आडवा झाला आता. कल्ले— मोजते आहे— एक— वही ठेवून हात पाण्यात—