धुक्यातली गाय

पिर्ना, ६ मार्च १८३८

ती. ट्राउगॉटदादास जेटेचा सा. न. वि. वि.

आमचे लेबेरेश्ट जाऊन पाच महिने झाले. ह्यांचं शेवटचं चित्र अजून तसंच उभं आहे: नदी, कडे, धुकं, वर जाणारी पायवाट. ईस्टरच्या प्रदर्शनात लावायचं म्हणते, पण ते लोक म्हणतात, माणसाशिवाय फार ओसाड दिसतं. वीस वर्षं ह्यांच्या डोंगरांत माणसं तूच भरलीस. ह्यांनी माणूस काढला की त्याचं बटाट्याचं पोतं व्हायचं! एका गाईवरून तुम्ही दोघं चार वर्षं बोलला नाहीत. आता राग सोड आणि यातही माणसं भर. हे चित्र लागलं नाही तर लोक ह्यांना विसरतील, याचीच मला भीती वाटते.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझी जेटे

माइसेन, १२ मार्च

चि. जेटेस अनेक आशीर्वाद.

त्याने आठ दिवस खपून काढलेल्या धुक्यावर मी न विचारता गाय उभी केली, चूक माझीच. पण मी पडलो चिनी मातीच्या कपबश्या रंगवणारा; माझ्या बाहुल्या त्यांच्यावरच शोभतात, असं तो चारचौघांत म्हणाला, ते फार लागलं. मी त्याच्या मातीलासुद्धा आलो नाही. आता कोणत्या तोंडाने चित्राला हात लावू? दुसरं कोणी बघ.

माया आहेच.
दादा

पिर्ना, १५ मार्च

ती. दादास सा. न.

दुसरं कोणी म्हणे! म्हातारा झालास तरी अडेलतट्टूच. नदीवरचा बर्फ गेलाय, चित्र उद्याच्या नावेने धाडते, सोबत प्लमचा केक. नुसतं बघ. नको वाटलं तर परत पाठव, मी रुसणार नाही. (रुसणार आहे.)

जेटे

माइसेन, ३१ मार्च

चि. जेटेस आशीर्वाद.

केक पोचला, संपलाही. चित्र मात्र आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. परवा धीर करून फिरवलं.

अगं, तू ते नीट पाहिलंस का? पायवाटेच्या कडेला, झाडाखाली, मला आधी धोंडाच वाटला. बश्या रंगवायचं भिंग लावलं तर माणूस! दोन्ही पाय डावे, मानेचा पत्ता नाही, पण टोपीला लाल पीस आणि मांडीवर रंगपेटी. लाल पीस खोचून हिंडणारा वेडा मीच ना? त्याने मला काढलंय, जेटे. शेजारी एका माणसापुरती जागाही सोडलीय. मी ढसाढसा रडलो, लपवत नाही.

त्या पोत्याला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. मोकळ्या जागी लेबेरेश्टला बसवलंय, हातात तुझी ती पातळ कॉफी. गुरुवारी चित्र घेऊन मीच येतो. आधी मला त्याच्या थडग्यावर घेऊन चल, मग प्रदर्शनाला जाऊ.

येईपर्यंत माया सांभाळून ठेव.
तुझा दादा

ता. क. मागे धुक्यात एक गाय उभी केली आहे. आता भांडायला त्यानेच यावं.