शेवटचा तीन

शेवगाव, ६ मे १९७३

प्रिय सुरय्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तर आज लिहितेय. रागावू नकोस. महिनाभर मी भागाकार करत होते. हस खुशाल.

काष्टीच्या शाळेत पुंजाराम गुरुजींनी फळ्यावर अगदी वर लिहून ठेवलेली संख्या आठवते ना? ७३९३९१३३. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा पुसला तर उरलेलीलाही जात नाही, आणि असं पुसत पुसत नुसता सात उरला तरी तेच. सात आकड्यांपर्यंत सगळ्या वर्गानं मिळून तपासलं होतं. पूर्ण संख्या आपल्या दोघींकडे आली. चार हजारांपर्यंतचे मूळ भाजक तुझे, पुढचे आठ हजार सहाशेपर्यंतचे माझे; वर्गमूळच तेवढं, त्यापुढं बघायला नको. तू तुझे सगळे केलेस.

मी केले नाहीत, सुरय्या. त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं, शाळा सुटली, आणि गुरुजी माझ्या वडिलांना एक शब्द बोलले नाहीत. मला इतका संताप आला होता की भर वर्गात उठून मी सांगितलं, ६१३३ नं भाग जातो, बाकी शून्य. गुरुजींनी ताळासुद्धा केला नाही. "चांगुणाची बाकी कधी चुकत नाही," म्हणाले, आणि शेवटचा तीन स्वतःच्या हातानं पुसला.

आता दुष्काळी कामावर खडी फोडते. भाकरी खाल्ली की लेकीची पाटी घेऊन बसते. शेजारची मुक्ताबाई म्हणते, एवढं भागून वाटायचं कुनाला हाय? पहिल्याच दिवशी ६१३३ घेतला. बाकी ५८१८. मान खाली गेली माझी. मग ठरवलं, आता एकही सोडायचा नाही. पाचशेच्या वर भागाकार झाले. काल शेवटचा, ८५९७. भागाकार ८६००, बाकी ४९३३. पाटी हातात तशीच राहिली. इथं विहिरींनी तळ दाखवला, गुरं छावणीत गेली, आणि ही संख्या आहे तशीच आहे. गुरुजींनी केली नाही, माझ्या खोटेपणानं मोडली नाही. आपण कुणी नव्हतो तेव्हाही ती अशीच असणार. हे कुणाला सांगू? तुलाच सांगतेय.

तू लिहिलंस, गुरुजी आता माणसं ओळखत नाहीत. तू रोज डबा घेऊन जातेस तरी तुलाही नाही. नुसते आकडे म्हणत पडून असतात, सात तीन नऊ तीन नऊ एक तीन, आणि तिथंच अडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. ते वाचलं त्याच रात्री मी पाटी घेतली. मला इथून निघता येत नाही गं. तू एवढं कर. उद्या ते अडले की त्यांच्या कानाशी वाकून शेवटचा तीन म्हण. आणि सांग, चांगुणानं ताळा केलाय.

तुझीच,
चांगुणा